विहीर कुणाला खुली होती

फायनल प्रूफ टेबलावर होतं. सुशीलाबाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे खोटं हाय."

फायनल प्रूफ म्हणजे छपाईआधीचा शेवटचा कागद. आम्ही जिल्ह्याचा चरित्रकोश करत होतो. नगरच्या ऑफिसात संपादक मोहिते सर आणि मी, दोघंच. सरांचा नियम एकच, नोंदीत विशेषण नको. थोर नाही, दुष्ट नाही. माणसानं काय केलं तेवढंच लिहायचं.

सुशीलाबाई जामखेडकडच्या निवृत्त शिक्षिका. नोंद होती त्यांच्या गावच्या दिवंगत सरपंचांची, अण्णासाहेबांची. 'बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी स्वतःची विहीर गावाला खुली केली.' ग्रामपंचायतीच्या ठरावात तसंच होतं, मी तसंच लिहिलं.

"गावाला म्हणजे कुणाला? आमी ख्रिस्ती वस्तीतले. आमाला त्या विहिरीच्या हौदावरनं हाकललं. आई पोटुशी हुती, सातवा महिना. लांबून पाणी आणायची. मूल गेलं." मग शांतपणे म्हणाल्या, "लिहा, अन्याय केला."

सरांनी मान हलवली. "विशेषण नको."

"सर, अन्याय हे नाम आहे," मी म्हणाले.

"व्याकरण नको शिकवूस. तो निकाल झाला, आपण कोर्ट नाही. आधी घटना खरी का ते बघ."

मी एसटीनं त्यांच्या गावात गेले. त्या विहिरीवरचं इंजिन चालवणारे हुसेनचाचा अजून होते. त्यांनी लगेच कबूल केलं. "व्हय. अण्णासाहेबांनी सांगितलं हुतं, त्या वस्तीला भरू देऊ नको. मीच न्हाई म्हनायचो त्यास्नी." मग म्हणाले, "पन मानूस वाईट नव्हता. माझ्या आजारी बापाला सोताच्या जीपमधून नगरच्या दवाखान्यात नेलं त्यानं."

मी गेले होते त्याहून जास्त गोंधळून परतले.

नवं वाक्य केलं. 'विहीर गावाला खुली केली; मात्र ख्रिस्ती वस्तीला पाणी भरू दिले नाही.' सरांनी 'मात्र'वर लाल रेघ मारली. "यात तुझा राग दिसतो." मी 'आणि' केलं. ते तर जास्तच वाईट वाटलं, जणू दोन्ही कामं सारखीच. शेवटी पूर्णविराम देऊन दोन वाक्यं केली. 'गावाला'च्या जागी 'इतर वस्त्यांना' लिहिलं. बाळाचं लिहिता आलं नाही. ते पाण्यापायीच गेलं, हे कशानं सिद्ध करणार?

अण्णासाहेबांचे नातू प्रूफ बघून भडकले. "मॅडम, ही बदनामी आहे."

सुशीलाबाईंनी दोनदा वाचलं. "खरं हाय. पण माझी आई यात कुठंच न्हाई." पिशवी उचलून त्या निघून गेल्या. मला थांबवता आलं नाही.

कोश छापून आला. महिन्याभरानं त्याच नातवाचा फोन आला. मी भांडणाच्या तयारीनं उचलला. आवाज मात्र पडलेला होता.

"मॅडम, मुलीनं शाळेत वाचलं. विचारते, पणजोबांनी त्या वस्तीला पाणी का नाही दिलं? काय सांगू?"

"चुकलं त्यांचं, असं सांगा," मी बोलून गेले.

"मग तसं लिहिलं का नाहीत?"

"पुढच्या आवृत्तीत बघू," म्हणून मी फोन ठेवला. सरांनाही तेच विचारलं. त्यांनी चष्मा पुसून ती नोंद पुन्हा वाचली. पुढच्या आवृत्तीत ती नोंद कशी लिहायची, हे आमचं अजून ठरलेलं नाही. मी एवढंच शिकले, की कोशात निकाल टाळता येतो, फोनवर कुणी लहान मुलीसाठी उत्तर मागितलं की टाळता येत नाही.