एकादशी, साबुदाणा आणि वजनकाटा

लग्न होऊन मी सदाशिव पेठेत आले तेव्हा माझं वजन चव्वेचाळीस किलो होतं, आणि तेसुद्धा ओल्या केसांसकट. नवरा सॉफ्टवेअरवाला. तीन महिन्यांत कंपनीने त्याला ऑनसाइट पाठवलं, थेट अमेरिकेला, आणि फ्लॅटमध्ये उरलो आम्ही दोघी, मी आणि सासूबाई. मीही सॉफ्टवेअरमध्येच होते, पण इथे पुण्यात, टेस्टिंगला. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायच्या. सासूबाई शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. म्हणजे चुका शोधणारं माणूस घरात एक नव्हतं, दोन होती.

एका रविवारी गॅस संपला. गॅलरीतला भरलेला सिलिंडर आत आणायला मी गेले, तर तो जागचा हलेना. मी ओढतेय, ढकलतेय, घामाघूम झालेय, आणि तो मख्ख उभा. सासूबाईंनी मला बाजूला केलं, सिलिंडर तिरका केला आणि बुडाच्या कडेवर गोल गोल फिरवत ओट्याखाली नेऊन ठेवला. साठी उलटलेली बाई! वर मला म्हणाल्या, "राहू दे, तुला लागेल कुठे तरी." झालं. माझी अशी काही सणकली की दुसऱ्याच दिवशी गल्लीमागच्या तालमीत जाऊन मी नाव घातलं.

तालीम जुनी, पण कुस्ती कधीच मागे पडलेली. मातीच्या जागी लोखंड आलं होतं आणि संध्याकाळी सातला बायकांची बॅच असायची. शिकवणारे सर एकेकाळी वजन उचलण्याच्या स्पर्धा गाजवलेले. त्यांनी मला तीन प्रकार शिकवले: दांडा खांद्यावर घेऊन उठबस, आडवं पडून तो छातीवरून वर ढकलणं, आणि जमिनीवरचा दांडा दोन्ही हातांनी उचलून ताठ उभं राहणं. या तिसऱ्याच्या तर मी प्रेमातच पडले. दांडा जमिनीला चिकटलेला असतो, तुम्ही जीव खाऊन ओढता, वाटतं, काही खरं नाही, आणि मग तो बोटभर सुटतो. त्या बोटभर सुटण्यात जी मजा आहे ना, ती मला पगारवाढीतही कधी आली नाही!

पावसाळ्याच्या सुरुवातीला सरांनी सांगितलं की दिवाळीनंतर जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत. माझे कान टवकारले. पण मेख अशी होती की एका वजनगटात एका तालमीचं एकच नाव. अठ्ठेचाळीस किलोपर्यंतच्या गटात आमच्याकडची एक पोरगी आधीच होती, आणि ती माझ्यासारख्या दोघींना भारी होती. त्याच्या वरचा गट मात्र रिकामा. सर म्हणाले, त्या दिवशी काट्यावर अठ्ठेचाळीसच्या वर भर, तुझं नाव पक्कं. नाही भरलीस, तर प्रेक्षकांत बस. मला प्रेक्षकांत बसायचं नव्हतं. मला तो दांडा उचलायचा होता, लोकांसमोर, माझ्या नावाचा पुकारा होऊन. दुसरं काही सुचेचना.

मग सरांनी आहार सांगितला. भात बंद, पोळी बंद, बटाटा बंद, साखर बंद, केळ्याकडे बघायचंसुद्धा नाही. उकडलेली अंडी, सोयाबीन आणि मुगाची उसळ, बस्स. कार्ब्ज म्हणजे चरबी, असं ते ठासून सांगायचे. त्यांच्या हाताखाली तेव्हा बॉडीबिल्डिंगची पोरं तयार होत होती. स्टेजवर एकेक स्नायू सुटा दिसावा म्हणून पोळीभात सोडलेली. तोच आहार त्यांनी मलाही लावला, आणि मी आज्ञाधारकपणे लावून घेतला. घरात अंडं शिजत नव्हतं. सासूबाईंनी तोड काढली ती अस्सल पेठी: गॅलरीत वेगळी छोटी शेगडी, वेगळं पातेलं आणि समोरच्या इमारतीकडे पाठ. तिथे उभी राहून मी रोज अंडी गिळायची.

दोन महिन्यांत वजन किती वाढावं? वाढलं नाहीच, उलट किलोभर उतरलं. परवापर्यंत उचलत होते तो दांडा जमिनीला खिळल्यासारखा झाला. जिना चढताना मध्येच टेकावं लागायचं, ऑफिसात चिडचिड व्हायची, आणि सर म्हणायचे, अंडी वाढव. सासूबाई सगळं बघत होत्या. एकदा माझ्या ताटातला उसळीचा डोंगर बघून म्हणाल्या की आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी त्यांना कार्ब्ज आणि चरबी समजावून सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मला त्यातलं काही कळत नाही, पण वजाबाक्या करून बेरीज येते हे मी शाळेत कधी शिकवलं नाही. मला राग आला. खरं बोललेल्याचा येतो तसा.

आणि मग श्रावणातली एकादशी आली. आधीच्या एकादश्या ऑफिसच्या कँटीनमधल्या अंड्यांवर निभावल्या होत्या, पण हा शनिवार होता, ऑफिसला सुट्टी. एकादशीला आमच्या घरात अंडं तर सोडाच, उसळही शिजत नाही. गॅलरीतल्या शेगडीलासुद्धा सुट्टी. म्हटलं, एक दिवस आहार मोडला तर मोडला. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, सोबत रताळ्याचा कीस, वर शिकरण. आहाहा! दोन महिन्यांनी पिष्ट पोटात जात होतं. मी अशी तुटून पडले की सासूबाईंनी कढईच माझ्यापुढे सरकवली. एकादशी, दुप्पट खाशी म्हणतात, ते मी अक्षरशः करून दाखवलं.

संध्याकाळी तालमीत गेले. दांडा धरला, ओढला, आणि तो उचलला गेला. नुसता उचलला गेला नाही, माझा मागे तोल जाता जाता राहिला, इतका हलका! मी सरांकडे बघितलं, सर चकत्यांकडे बघायला लागले, कुणी कमी लावल्या की काय म्हणून. त्यांनी वर आणखी एकेक चकती चढवली. तेही उचललं. मला नाचावंसं वाटत होतं, आणि मी थोडीशी नाचलेही.

घरी येताना वाटलं, योगायोग असेल. पुढच्या एकादशीला पुन्हा तेच झालं. टेस्टिंगमध्ये आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवलेली असते: तीच गोष्ट केली की तोच परिणाम पुन्हा येत असेल, तर तो योगायोग नसतो. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या इंटरनेटवर शोधत बसले. एकेक पान उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात चहा पिऊन होई. पण उलगडा झाला. जड वजन उचलायला लागणारी ताकद धान्यातून आणि कंदांतूनच येते. ती मिळाली नाही तर शरीर अंडी आणि उसळसुद्धा सरपणासारखी जाळून टाकतं. प्रथिनं म्हणजे विटा हो, पण गवंड्याला भाकरी नको का? मी दोन महिने नुसत्या विटा उतरवत होते आणि गवंडी उपाशी! ज्या पोरांनी पोळीभात सोडला होता, त्यांची भिंत बांधून झालेली होती. ती नुसता गिलावा खरवडत होती.

सरांना सांगितलं तर ते आधी फुरंगटले. मग म्हणाले, बघू, काटा काय बोलतो ते.

सासूबाईंकडे मी मंगळवारीच खिचडी मागितली. त्यांनी साफ सांगितलं की साबुदाणा उपासालाच भिजतो, जिभेला वाटलं म्हणून नाही. ठीक आहे. मग मी उपास धरायला सुरुवात केली. सोमवार धरला, संकष्टी धरली, गुरुवारही धरायच्या बेतात होते. चतुर्थी कधी आहे हे कालनिर्णयात शोधणारी सून बघून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की देवाकडे एवढं काय अडलंय. मी सगळं सांगून टाकलं, कार्बोहायड्रेटपासून गवंड्यापर्यंत. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे चाळीस वर्षं मी उपास म्हणून कार्बोहायड्रेट करतेय?"

मी हो म्हटलं. त्या हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझं जेवण गणितासारखं हातात घेतलं. साबुदाण्याचा नियम मात्र सुटला नाही. सकाळी ऑफिसला जाताना ज्वारीची भाकरी, कारण ती सावकाश उतरते आणि दुपारपर्यंत दम धरते. डब्यात पोळ्या आणि उसळ. तालमीच्या तासभर आधी मात्र पटकन कामी येईल असं हलकं काहीतरी, केळं नाहीतर दहीभात. कंपनीची बस बाणेरला आली की मी दहीभाताचा डबा उघडायची आणि शेजारच्या मुली नाकं मुरडायच्या. तालमीहून आल्यावर वरणभात, वर तूप. अंडीही होतीच, गॅलरीत. हा हा म्हणता गालफडं भरली, ब्लाउज दंडात दाटायला लागले. ब्लाउज दाटला म्हणून आनंदाने ओरडणारी पेठेतली मी पहिलीच बाई असेन.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तालमीच्या काट्यावर मी साडेअठ्ठेचाळीस भरले. सरांनी पाठ थोपटली. आता काय, फक्त जायचं आणि उचलायचं!

दुसऱ्या दिवशी रविवार आणि नेमकी एकादशी. सासूबाईंनी पहाटेच खिचडी केली, पण धास्तीने मी एक घासही न घेता ताट बाजूला सारलं. त्यांनी ती डब्यात भरली. दुसऱ्या डब्यात स्वतःसाठी उकडलेली रताळी आणि खिचडी घेतली आणि चपला घालून तयार. घरी एकटीने बसून काय करू, म्हणाल्या. स्कूटरवर मागे बसून, मांडीवर पिशवी घेऊन त्या माझ्याबरोबर विश्रांतवाडीपर्यंत आल्या. स्पर्धा तिथल्या एका मंगल कार्यालयात होती.

वधूच्या खोलीत वजनं चालली होती. काट्यावर उभी राहिले आणि आकडा दोनदा वाचला. सत्तेचाळीसच्या जरासा वर! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला: मी आजवर वजन केलं ते संध्याकाळी, दिवसभर खाऊनपिऊन. सकाळी, तेही रिकाम्या पोटी, कधीच नाही. घ्या, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी मी! वजन घेणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या की अजून तासभर काटा इथे आहे, तेवढ्यात भरलीस तर भरलीस.

मी बाहेर येऊन सासूबाईंना सांगितलं आणि मला रडूच फुटलं. इतके महिने, इतकी भाकरी, इतका दहीभात, आणि किलोभरासाठी प्रेक्षकांत! त्यांनी काही समजूत वगैरे काढली नाही. पिशवीतून पहिला डबा काढला, झाकण उघडलं आणि चमचा माझ्या हातात दिला.

"रड नंतर. आधी खा."

सर पाण्याची बाटली घेऊन आले, पण बजावून गेले की नुसतं पाणी ढोसलंस तर दांड्यावर ओकशील. म्हणून एक घास, एक घोट. आजूबाजूला दुसऱ्या मुली वजन उतरवायला धडपडत होत्या. स्वेटर घालून दोरीच्या उड्या मारत होत्या, एक तर बाटलीत थुंकत बसली होती. आणि मध्येच मी, मांडी ठोकून खिचडी खातेय. माझ्याकडे त्या ज्या नजरेने बघत होत्या, ती मी जन्मात विसरणार नाही. डबा संपवून काट्यावर गेले. थोडक्यात कमी. बाहेर आले तर दुसरा डबा उघडून तयार. मी नको म्हटलं, तो तुमचा आहे म्हटलं. त्यांनी रताळं सोलून माझ्या हातात ठेवलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. शेवटचे घास तर त्यांनी भरवले, लहान पोराला भरवावेत तसे, सगळ्या जिल्ह्यासमोर.

पुन्हा काट्यावर. अठ्ठेचाळीस किलो शंभर ग्रॅम. बाईंनी नाव लिहिलं. मी त्यांनाच मिठी मारली.

पहिले दोन प्रकार बेताचेच झाले. मग तिसरा. माझ्या नावाचा पुकारा झाला, पाय रोवले, दांडा धरला. नव्वद किलो. तीन भरलेले सिलिंडर म्हणा हवं तर! ओढलं. नाही. ओढलं. बोटभर सुटला. मग गुडघ्यांपर्यंत, मग मी ताठ उभी, आणि समोर तीन पांढरे दिवे लागले, म्हणजे तिन्ही पंचांनी मान्य केलं. प्रेक्षकांत पहिल्या रांगेत एकच बाई टाळ्या न वाजवता उभी होती, कारण तिच्या हातांत दोन रिकामे डबे होते.

मी तिसरी आले. गटात आम्ही चौघीच होतो, हे सासूबाईंनी विश्रांतवाडीपासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत दोनदा सांगितलं.

घरी येऊन मी डबे घासायला घेतले तेव्हा कुठे लक्षात आलं. पहाटेच्या चहानंतर त्यांच्या पोटात कण गेलेला नव्हता, आणि आता दिवेलागण झाली होती. मी घाईघाईने रताळी उकडायला घ्यायला लागले, तर त्यांनी माझा हात धरून गॅस बंद केला.

"आता राहू दे. आजवर दुप्पट खाऊन एकादश्या केल्या. आज दुप्पट तू खाल्लंस आणि मला आयुष्यात पहिल्यांदा खरी एकादशी घडली."

त्या देवापाशी वात सारखी करायला गेल्या आणि तिथूनच, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "उद्या पारण्याला भात जास्त लाव. तुझं वजन उतरलं की उपास मला घडतो."