इंदरमल शेठचा दुसरा चित्ता

सारंगखेड्यात इंदरमल शेठचं किराणा दुकान आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. त्यामुळे शेठच्या डाळीला फोडणी कशाची पडली इथपासून त्याच्या बायकोने, पतासीबाईंनी, त्याला काय ऐकवलं इथपर्यंत सगळं मला फुकटात कळे. गावात कुणाचीही थट्टा निघाली की ती माझ्याच ओट्यावर जन्मली असं लोक म्हणत. खोटं म्हणत नसत.

शेठ मारवाडातून आलेल्या जैनांपैकी. मुंगी दिसली तर पाय अधांतरी धरून उभा राहणारा माणूस. त्याची सगळी ऐट होती ती पितळी पारड्यांच्या तराजूत. कुठल्याही गावात मिरचीच्या नाहीतर गुळाच्या वजनावरून जुंपली की लोक म्हणत, "चला, माल शेठना तराजूवर टाका." तिथे काटा थांबला की भांडण थांबलं. शेठला एकच खोड होती. आपण खरं बोललो आणि समोरच्याने मानलं नाही, तर त्याला जेवण जात नसे.

असा हा शेठ एका हिवाळ्यात धानोऱ्याच्या बाजाराहून घोडीवर परतत होता. दिवस मावळायच्या आत घरी पोचून जेवायचं, म्हणून घाईत. तापीच्या पलीकडे जो गवताळ माळ आहे, तिथे घोडी अडली. समोर वारुळाच्या उंचवट्यावर चित्ता बसलेला. बिबळ्या नव्हे. बिबळ्या आम्ही गुरांच्या पायी नेहमीच बघतो. हा लांब पायांचा, कमरेत बारीक, आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळ्या रेघा, जसं रडून रडून काजळ ओघळलंय. म्हाताऱ्यांच्या गोष्टींतून ऐकलेला, पण कुणी पाहिलेला नाही, तोच.

शेठ नदी ओलांडून आला तो थेट माझ्या ओट्यावर. जेवणाची वेळ टळून गेली होती, त्याचंही भान नाही.

"भिकनभाऊ! दोन व्हतात! एक वारूयवर, एक गवतमा आडी पडेल! मन्हा डोयासघाई दखात!"

मी म्हणालो, "शेठ, एकच सांगा. एकलेच लोके हासतीन. दोन सांगात ते येडा म्हनतीन."

शेठने माझं ऐकलं. गावाला एकच चित्ता सांगितला. आणि गाव हसलं. मीही मागे राहिलो नाही, तो माझा धर्मच आहे. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी विचारी, "शेठ, आज चित्ताले कितला गूळ दिधा?" बन्सीलाल न्हाव्याने तर दाढी करता करता विचारलं, "शेठ, त्याले मिशा व्हत्यात का? तासाले बलावतीन का माले?" शेठचे कान लाल होत. भिंतीपलीकडून मला ऐकू येई: "पतासी, मन्हा तराजू खरा, आनि मीच खोटा?" जेवण तसंच परत जाई.

पुढे घोड्यांची जत्रा भरली. जत्रेला एक गोरा साहेब तंबू ठोकून होता. त्याच्या कानावर ही थट्टा गेली. त्याने शेठला बोलावून खुर्ची दिली आणि म्हणाला, "हम मानता है. सिर्फ देखना है. जगह दिखाओ."

मानतो म्हणणारा पहिला माणूस! शेठ उठून चालायलाच लागला. साहेबाच्या खांद्याला बंदूक होती. पण साहेब लोक बंदूक बाळगतात ती आपण छत्री बाळगतो तशी, असं शेठला वाटलं असावं. निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी आली. गाडीत गोळी घातलेला चित्ता, पाय बांधलेले, ओघळलेलं काजळ तसंच. साहेबाने गाडी मुद्दाम शेठच्या दुकानापुढे थांबवली, शाबासकी म्हणून. लोक जमले. पाटलांनी हार आणवला.

"शेठ, तुम्ही खरा निंघनात!"

शेठ दुकानाच्या पायरीवर उभा होता. हार गळ्यात पडला, तसा तो मटकन खाली बसला आणि तोंड धोतराच्या सोग्यात लपवलं. लोकांना वाटलं, आनंदाने. पतासीबाईंनी आतून दार लावून घेतलं. त्या दिवशी पलीकडे चूल पेटली नाही. मला फोडणीचा वास आला नाही, म्हणून सांगतो.

त्यानंतर शेठ जैनांच्या स्थानकात प्रार्थनेला गेला की दाराशी, चपलांच्या जवळ बसे. कुणी पुढे बोलावलं तरी हलत नसे. रस्त्याने खाली बघून चालायचा तो मुंग्यांसाठी, आता माणसांची नजर टाळायला.

उन्हाळा लागायच्या सुमारास साहेब पुन्हा आला. माळावर गुरं चारणाऱ्या सुकरामने दुसऱ्या पायांचे ठसे पाहिले होते, थोडे लहान. मादी असणार. साहेबाला जोडी हवी होती, भिंतीवर लावायला. ती मादी कुठे लपते, हे विचारायला तो बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, पाटलांना घेऊन दुकानात आला.

"सेठ, दूसरा भी देखा था?"

शेठ पुडी बांधत राहिला. पाटील म्हणाले, "साहेब, हाऊ मानूस खोटं बोलत नही. शेठ, तराजूवर हात ठेवा आनि सांगा. तुम्ही म्हनशात ते खरं."

सगळा बाजार थांबला. त्या तराजूवर हात ठेवून शेठ जे बोलेल, त्यावर पाटीलच काय, साहेबही शंका घेणार नव्हता. शेठने हात उचलला. पारड्यावर ठेवला. पारडं खाली गेलं, साखळ्या वाजल्या.

"एकच व्हता," शेठ म्हणाला. "दुसरा मी दखा नही. ते ठसा तरसना व्हतीन."

पाटील माझ्याकडे वळले. "काय रे भिकन? तू त्याना शेजारी. तुले काय सांगेल व्हतं?"

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे गावाला ठाऊक. म्हणूनच तर विचारलं. आणि शेठने माझ्याकडे पाहिलं. असं कुणी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"एकच सांगेल व्हता, पाटील," मी म्हणालो. "त्या एकलेच तर आम्ही हिवायाभर हासनूत."

बाजार हसला. साहेबाने टोपी घातली आणि तंबू आवरायला गेला. पुन्हा तो या बाजूला आला नाही.

त्या मादीचं पुढे काय झालं, कुणालाच कळलं नाही. आज त्या माळावर नांगर फिरलाय, चित्ता नावालाही उरलेला नाही, आणि शेठही नाही. म्हणून आता ही गोष्ट ओट्यावर आणली. इतकी वर्षं ती पोटात ठेवायला मला किती त्रास झाला, ते मलाच माहीत.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी गूळ घ्यायला गेलो. शेठने ढेप पुढे केली, वजनं पुढे केली, आणि तराजू माझ्याकडे सरकवला.

"तुम्हीच तोला, भिकनभाऊ."

"का? हात दुखस का?"

"आते हाऊ हात त्याले लागाव नही."

मग तो जिवंत होता तोवर गिऱ्हाइकांनी स्वतःच तोलून घ्यायचं. लोक म्हणत, शेठ म्हातारा झाला. त्या दिवशी मी गूळ पारड्यात टाकला आणि सवयीप्रमाणे थट्टा म्हणून वजनाच्या पारड्यावर अंगठा दाबला, चांगला दिसेल असा. शेठ ओरडेल, हसेल, निदान माझ्या अंगठ्यावर चापट मारेल.

शेठने मान दुसरीकडे वळवली.

मी अंगठा काढला.