खातूंचं पंचाण्णव

कमळाकर खातूंना कुणी ‘कम्प्युटरवाले’ म्हटलं की ते चष्मा काढून पुसायला घ्यायचे. खूश झाल्याची ती खूण होती. सीबीडी बेलापूरला आमच्या कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर त्यांचं डीटीपीचं दुकान आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं. मधे नुसती प्लायवूडची भिंत. त्यांच्याकडे कुणी शिंकलं तरी मला ऐकू यायचं, आणि मी गिऱ्हाइकाला झापलं की तिकडून आवाज यायचा, “प्राचीबाई, जरा हळू.” मी साताऱ्याची आहे, मला हळू जमत नाही.

खातू मूळचे देवरूखकडचे. गिरगावातल्या एका छापखान्यात उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवली. छापखाना बंद पडला तेव्हा बरोबरीचे काही जण वॉचमन झाले, काही गावी गेले. खातूंनी नेरूळला सिडकोची खोली घेतली, पंचेचाळिशीत पोराटोरांच्या क्लासात बसून कम्प्युटर शिकले आणि दुकान टाकलं. हे सोपं नाही. मी त्यांना कितीही चिडवलं तरी या एका गोष्टीसाठी मनातून मानायची.

त्यांची एक पद्धत होती. लग्नपत्रिका छापायला देण्याआधी ते गिऱ्हाइकाला समोर बसवायचे, चहा मागवायचे आणि ‘श्री गजानन प्रसन्न’पासून मंडपाच्या पत्त्यापर्यंत सगळा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचे. म्हणायचे, “खिळे उलटे असतात. उलटं वाचून वाचून डोळा निर्ढावतो. कान फसत नाही.” कितीही घाई असो, वाचन झाल्याशिवाय कागद दुकानाबाहेर जायचा नाही. या वाचनामुळेच करावे, दारावे, शहाबाज अशा गावांतले लोक त्यांच्याकडे यायचे. आगरी लोकांच्या पत्रिकेत नावं शेकड्यानं. चुलते, मामे, आत्या, जावई, सगळी लहान पोरं. एक नाव गळलं की रुसवा पिढीभर टिकतो. कोकणातल्या या परक्या माणसाच्या हातात ती माणसं आपलं सगळं गणगोत देऊन निर्धास्त घरी जायची.

या गावकऱ्यांना दुकानाची वाट दाखवली ती करावे गावच्या सिताराम मढवींनी. त्यांचा धाकटा भाऊ गोटीराम. गोटीरामांच्या थोरल्या मुलाच्या लग्नाची पत्रिका खातूंनी केली, तेव्हा सिताराम स्वतः वाचनाला बसले होते. पुढे पावसाळ्यात ते हार्ट अटॅकनं गेले. त्यानंतर गोटीरामांच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, तिच्या कार्डात खातूंनी सितारामांच्या नावामागे ‘कै.’ लावलं आणि त्यांच्या बायकोच्या, सुमित्राबाईंच्या, नावामागचं ‘सौ.’ काढून ‘श्रीमती’ केलं. ते टाइप करताना त्यांना किती वेळ लागला, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे.

मग आलं पंचाण्णव.

शहाण्णव साल उजाडलं होतं आणि समोरच्या नव्या दुकानात विंडोज ९५ लागलं होतं. त्यात खाली डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ असं बटण होतं म्हणे. एक वकील खातूंना म्हणाला, “तुमच्याकडे अजून जुनंच का?” झालं. खातूंच्या जिवाला घोर लागला. मी म्हटलं, “अहो, जुन्या तव्यावर भाकऱ्या फुगताहेत ना, मग नवा तवा कशाला?” पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यांनी नारळ आणला, पेढे आणले, आणि पेंटरकडून काचेवर लिहून घेतलं, ‘येथे विंडोज ९५ आहे.’ मशीनमध्ये अजून काही यायच्या आधी.

वाशीचा हितेश म्हणून एक कम्प्युटर जोडून देणारा होता. तो फ्लॉप्यांची चळत घेऊन आला. एक घाल, दुसरी काढ, असं दुपारभर चाललं. शेवटी ढगांचं चित्र आलं, बटण आलं. खातूंनी नारळ फोडला. मीही पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्यांचं मराठीचं सॉफ्टवेअर उघडेना. ते जुन्या विंडोजसाठी घेतलेलं. त्याचं एक कुलूप, म्हणजे कुणी चोरून कॉपी करू नये म्हणून दिलेला डबीएवढा प्लग, प्रिंटरच्या जागी मागे लावावा लागायचा, आणि नव्या विंडोजमध्ये त्याला ते कुलूपच दिसेना. जुनी पत्रिका उघडली तर ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी उभ्या रेघा, फुल्या आणि डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं. मशीनची ताकदही बेताची. माउस हलवला की वाळूचं घड्याळ यायचं आणि खातू त्याच्याकडे बघत बसायचे. एकदा पडद्यावर आलं की या प्रोग्रामने ‘इल्लीगल ऑपरेशन’ केलं आहे. खातूंनी घाईनं शटर अर्धं खाली ओढलं आणि भिंतीशी येऊन कुजबुजले, “प्राचीबाई, हे पोलिसांना कळतं का हो?” मी हसून हसून बेजार झाले. आता ते आठवलं की हसू येत नाही.

हितेशनं सांगितलं, “काका, टेन्शन नको. मराठीचं नवं व्हर्जन मागवा, नाहीतर परत जुनं टाकू.” नवं व्हर्जन निघायला अजून महिने होते. जुनं टाकायचं तर काचेवर लिहिलेलं पुसावं लागणार, पेढे खाल्लेल्यांना तोंड दाखवावं लागणार. खातूंना ते जमेना. ते गिऱ्हाइकांना सांगू लागले, प्रिंटर बिघडलाय. मग, टोनर आलं नाही. मग, घरी आजारपण आहे. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस खोटं बोलतो तेव्हा फार वाईट बोलतो. गिऱ्हाईक गेलं की ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. मला दिसायचं नाही, पण खुर्ची वळल्याचा आवाज कळायचा.

अशात गोटीराम आले. मुलीचं, उन्नतीचं लग्न ठरलं होतं, मुलगा नावड्याचा. तारीख जवळची. “खातूभाव, पत्रिका तुमीच करायची. घरातली नावं तुमच्या मशीनमधी हायतच,” म्हणाले. खातू म्हणाले, “चार दिवसांत देतो.”

चार दिवसांचे आठ झाले. गोटीराम रोज यायचे, बाकावर बसायचे, नवी सबब ऐकून उठून जायचे. शेवटी खातूंनी हितेशला बोलावलं आणि मान खाली घालून सांगितलं, जुनं टाक. हितेशनं विचारलं, “डिस्क साफ करावी लागेल. डेटा घेतलात ना सगळा?” खातू म्हणाले, “घेतला.” फ्लॉप्यांवर घेतला होता खरा. पण मशीन साफ झाल्यावर कळलं, त्यातली अलीकडची फ्लॉपी उघडतच नाही. वास्तुशांतीचं कार्ड गेलं. तिच्या आधीची एक जुनी फ्लॉपी मात्र चालली, आणि तिच्यात गोटीरामांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका जशीच्या तशी होती.

पडद्यावर पुन्हा मराठी दिसली तेव्हा खातूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हाक मारून त्यांनी दाखवलं. मग भराभर वधूचं नाव, वराचं नाव, तारीख, मंडप एवढं बदललं आणि प्रिंट काढला. गोटीराम बाहेरच बसले होते. चहा मागवायला मी उठले, तर खातू म्हणाले, “राहू द्या. आधीच उशीर झालाय.” गोटीरामांना म्हणाले, “मजकूर आपला जुनाच आहे, वाचायची गरज नाही.” गोटीरामांनी मान डोलावली. कागद तसाच तुर्भ्याच्या छापखान्यात गेला.

का वाचलं नाही, ते मला माहीत आहे. आठ दिवस ज्याला थापा मारल्या, त्याच्यासमोर बसून त्याच्या डोळ्यांत बघत वाचायचं धैर्य त्यांच्यात उरलं नव्हतं.

त्या घरची रीत अशी की पहिली पत्रिका गावदेवीपुढे ठेवायची आणि दुसरी घरातल्या वडीलधाऱ्यांना अक्षतांसह द्यायची. सिताराम नव्हते, म्हणून ती सुमित्राबाईंच्या हातात गेली. त्यांना वाचता येत नाही. नात ईश्वरी मोठ्यानं वाचू लागली, आणि निमंत्रकांत पहिलंच नाव आलं, ‘श्री. सिताराम व सौ. सुमित्राबाई’. पोर वाचून मोकळी झाली. घरातली बाकी माणसं जागच्या जागी बसून राहिली.

गोटीरामांनी पत्रिकांचे गठ्ठे रिक्षातून परत आणले. एक उघडून त्यांनी खातूंच्या टेबलावर ठेवली आणि नावावर बोट ठेवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. खातूंची खुर्ची अशी करकरली की मी भिंतीपलीकडून उठून आत गेले. “मी येतो. वहिनींच्या पाया पडतो,” एवढंच ते म्हणाले. मग मला म्हणाले, “तुम्ही चला बरोबर. माझे पाय नाही उचलणार.”

करावे जवळच, पण रिक्षात त्यांनी वाक्यं जुळवली. नवं विंडोज, कुलूप, फ्लॉपी. ओठ हलत होते. मी म्हटलं, “सरळ चुकलो म्हणा.” ते म्हणाले, “कारण तरी सांगायला नको का?”

सुमित्राबाई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून हात पुसून उठल्या. खातू वाकले आणि जुळवलेलं सगळं एका दमात बोलून गेले. कम्प्युटर बदलला, जुनी फाइल उघडली, मशीननं जुनी नावं घेतली. बाई ऐकत होत्या. गोटीराम मधेच म्हणाले, “जाऊ द्या वयनी, कम्प्युटरची चूक हाय.”

सुमित्राबाई म्हणाल्या, “व्हय. यंत्राला काय ठावं, मानूस हाय का गेला.” मग खातूंकडे बघून, आवाज न चढवता म्हणाल्या, “तुमाला त ठावं होता. तेराव्याला तुमी आमचे पंगतीला जेवलाव.”

 खातू मान खाली घालून उभे राहिले. ईश्वरीनं पाणी आणलं. ते न घेता येणं बरं दिसलं नसतं, म्हणून आम्ही घेतलं. त्या वेळी धरणी दुभंगती तर मीसुद्धा आत गेले असते.

पत्रिका पुन्हा झाल्या. खातूंनी एकेक अक्षर नव्यानं टाइप केलं, गोटीरामांना बसवून वाचून दाखवलं, आणि ‘कै. सिताराम’ दोनदा वाचलं. काचेवरचं लिहिलेलंही खरवडून काढलं. इथे संपलं असतं तर मी म्हटलं असतं, माणसाच्या हातून चूक होते, तो ती निस्तरतो, झालं.

पण गोटीराम भला माणूस. खातूंची अब्रू राहावी म्हणून त्यांनी गावभर सांगितलं, कम्प्युटरची चूक झाली. लोकांना ते फार आवडलं. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, “काय खातूभाव, यंत्र बिघडला व्हता म्हन?” खातू काहीतरी पुटपुटायचे. नाही म्हणायचे नाहीत, हो म्हणायचे नाहीत. एकदा मी रागावून विचारलंच, “सरळ सांगत का नाही, चूक माझी म्हणून?” म्हणाले, “सांगणार आहे. लग्नाला जाणार आहे ना, वहिनींसमोरच सांगीन. चार लोकांत. तेवढं तरी करायलाच हवं.” हे त्यांनी ठरवलं होतं. मी साक्षीला आहे.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. आम्ही दोघं गेलो. मंडप मोठा, बेंजोचे वाजंत्री दमलेले, माणसांची ही दाटी. सुमित्राबाई पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या, पांढऱ्या काठाच्या नव्या लुगड्यात. आम्ही त्यांच्यापर्यंत पोचलो तेवढ्यात गोटीरामांचा एक नावड्याचा व्याही खातूंच्या खांद्यावर हात टाकून आजूबाजूच्यांना म्हणाला, “ह्ये बघा, ह्येच त्ये. ह्यांच्या कम्प्युटरनं आमचे सितारामशेठला परत जिता केला.”

लोक हसले. वाईट मनानं नाही, लग्नघरात हसतात तसे.

मी खातूंकडे बघितलं. हीच ती वेळ होती. समोर चार लोक, समोर वहिनी. त्यांनी तोंड उघडलं, चष्मा सारखा केला, आणि हसले. सगळ्यांबरोबर, हॅ हॅ करून हसले. म्हणाले, “काय करणार, यंत्र आहे.”

सुमित्राबाईंनी मान वळवून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग नवरीकडे बघू लागल्या.

आम्ही जेवलो नाही. खातूच म्हणाले, चला.  रिक्षा मिळाली, बसलो, बेलापूरच्या चौकाशी आलो, तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “प्राचीबाई, मी हसलो हो.”