गडावरची माणसं

माझ्या टेबलाभोवती पाच जण बसायचे. त्यातले तीन उरले तेव्हा मी घाबरलो. हसू नका. वाशीममध्ये क्रिकेटला बावीस जण अर्ध्या तासात जमतात, पत्त्यांना तर बोलवावंही लागत नाही. पण चाळिशीच्या माणसानं कागदावर नकाशा पसरून "समजा, तुम्ही एका डोंगराळ मुलखात आहात, आता काय करता?" असं विचारावं आणि समोरच्यानं ते मनावर घ्यावं, अशी माणसं जमवायला मला चार वर्षं लागली होती.

खेळ साधा आहे. एकानं जग सांभाळायचं, बाकीच्यांनी त्यात एकेक पात्र होऊन वावरायचं, अडलं तिथं फासे टाकायचे. पुष्कळ ठिकाणी जग सांभाळणारा गोष्ट आधीच ठरवून आणतो. माझा हट्ट असा, की गोष्ट ठरवायचीच नाही. गावं, नद्या, भांडणं मी मांडून ठेवणार. जायचं कुठं आणि वाचवायचं कुणाला, ते खेळणारे ठरवणार. त्यांनी जे केलं त्याचं बरंवाईट त्या जगात उमटणार. माझा शाळासोबती मेडशीहून एसटीनं यायचा, त्याची तूर-सोयाबीनची शेती. तो म्हणाला, "म्हंजे मोकळं वावर हाय, काय पेराचं ते पेरा." मी म्हटलं, अगदी तेच.

पण पेरायला कुणी तयार असेल तर शपथ. पहिले सहा महिने मी विचारायचो, कुठं जायचं? आणि सगळे एका सुरात, "तुमी म्हनान तिकडं." आपल्याकडं मोठ्याला विचारल्याशिवाय पाऊल न उचलणं हीच शिस्त, आणि त्या टेबलावर मोठा मी. माझं डोकं फिरायचं. अरे, आयुष्यभर विचारूनच चालता, इथं तरी नका विचारू, असं मी एकदा ओरडलोसुद्धा. त्यावर सगळ्यांनी मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, "मंग कुठं जाऊ?"

ही कोंडी पाचांतल्या एकुलत्या मुलीनं फोडली. कोर्टाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शेजारच्या वकिलांकडं ती टायपिंग करते, दिवसातून चारदा कागद घेऊन यायची. तिच्या घरी थोरल्या भावाचा शब्द शेवटचा. कोर्स त्यानं निवडला, नोकरी त्यानं लावली, मोबाइलसुद्धा त्याच्या पसंतीचा. एका रविवारी तिनं नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "उत्तरेले जाऊ." निघताना मला म्हणाली, "दादा, कुठं जायाचं हे मले आजवर कोनी इचारलंच नोतं." त्या दिवशी मला माझ्या खेळाचा फार अभिमान वाटला. तो तिथंच ठेवायला हवा होता.

मग गळती लागली. एकाची बदली नागपूरला झाली, दुसऱ्याला जुळी झाली. उरलेल्या तिघांतला तिसरा म्हणजे कापड दुकानदाराचा मुलगा, मूळचं घराणं शिरपूरचं, जैन. सूर्यास्ताच्या आत त्याला घरी जेवायचं असतं, म्हणून आमचा खेळ दुपारी दोनला सुरू होऊन साडेपाचला थांबायचा. माझ्या दुकानाचं अर्धं शटर ओढून आम्ही बसायचो. खेळातलं गाव रटाळ निघालं की हा घड्याळ बघायचा. एकदा चपला घालताना म्हणाला, "बाबूजी आता रविवारी बी दुकानावर बसवून राह्यले. इथं मजा आली त येतो, नाई त कायले घरी भांडन घ्याचं?"

झालं, माझी झोप उडाली. तो गेला तर दोघांवर खेळ चालत नाही. आणि खेळ गेला तर माझ्याकडं काय होतं? सहा दिवस मी दुसऱ्यांची आधार कार्डं काचेवर पालथी घालतो. तो एक रविवार होता, तेवढा गेला की संपलंच.

पुढच्या रविवारी मी जिवाचं रान करून एक गाव रंगवून आणलं: चोरटे, पूल, पुलावर पाणी वाटणारी एक हट्टी म्हातारी. गाव पूर्वेला होतं आणि हे तिघं निघाले दक्षिणेला. दक्षिणेला माझ्याकडं काहीही नव्हतं. मी घसा खाकरला आणि तेच गाव उचलून दक्षिणेला ठेवलं. कुणाला काय कळतंय! खेळ असा रंगला की दुकानदाराचं पोरगं घड्याळ विसरलं, जेवायला धावत गेलं.

एकदा चटक लागली की लागली. कुठंही जा, मी तयार केलेलंच समोर यायचं. ते तासतास वाद घालायचे, हा रस्ता की तो, आणि मी गंभीर चेहरा करून ऐकायचो. आतून लाज वाटायची, पण तिघंही रविवारी येत होते ना, मग लाज गिळायचो.

यंदा साथीचा खेळ मांडला. त्या मुलखात ताप पसरलेला, औषधाची एकच पिशवी, आणि ती सापडली आमच्या टायपिंगवालीला. नदी ओलांडतात त्या उताराच्या गावात न्यायची की गडावर? दोन्हीकडं पोचता येणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. बाकी दोघं म्हणाले, तुले सापडली, तूच ठरव. तिनं आठवडाभराची मुदत मागितली. मधेच बुधवारी झेरॉक्स काढताना हळूच विचारलं, "दादा, गडावर लेकरं किती असतीन?" मशीन अडकलं होतं, मी टोनर झटकत होतो. म्हटलं, असतील सात-आठ.

रविवारी ती डोळे सुजवून आली. म्हणाली, "उतारावर जाऊ. तिथं मानसं जास्त हायेत." आणि तोंड फिरवून बसली. मला वाटलं, काय खेळतेय पोरगी! मी खूश होतो, हे कबूल करायला हवं.

उतारावर पोचले, तर नावेजवळ मी एक म्हातारी उभी केली आणि तिच्या आवाजात बोललो, "पानी मांगसान त देईन, वाट मांगसान त नाई देनार." पोरगी आपल्या वहीची मागची पानं उलटायला लागली. प्रत्येक खेळाचं ती सगळं लिहून ठेवायची, टायपिस्टच ती.

"हे त पुलावरची म्हातारी बोलली होती. शब्दाले शब्द."

मी म्हटलं, असेल, म्हाताऱ्या सारख्याच बोलतात.

"आमच्याकडे दोन साक्षीदार शब्दाले शब्द सारखे बोलले, त वकीलसाहेब म्हनतात पढवून आनले." मग थेट माझ्याकडं बघून, "आमी गडावर गेलो असतो त तिथं कोन भेटलं असतं?"

खोटं बोलता आलं असतं. वर्षभर तेच तर करत होतो. पण तिच्या त्या चेहऱ्यापुढं जीभ उचलेना. म्हणालो, "हीच."

मेडशीवाला आधी हसला, "झेरॉक्सवाला लेका, इथं बी झेरॉक्सच काहाडली का बे?" मग त्याचंही हसू मावळलं. दुकानदाराचा मुलगा म्हणाला, चालते हो, मजा त येत होती. तिनं पेन बंद केलं. "आमी दर वेळी दोन-दोन तास भांडलो, तवा तुमी काय करून राह्यले होते?" मी हात जोडले. खेळ तुटू नये म्हणून केलं, तू हवी होतीस म्हणून केलं, असं काहीबाही बरळलो. ती शटरखालून वाकून निघून गेली.

पुढचे तीन रविवार आम्ही तिघं चहा पिऊन उठलो. चौथ्या रविवारी मी एकटाच होतो. ती आता समोरच्या दुकानातून कागद काढते, रस्ता ओलांडून, उन्हातून.

शेवटी न राहवून दुपारच्या सुट्टीत मी वकिलांच्या ओट्यावर गेलो. ती डबा खात होती. मी म्हटलं, परत ये. यापुढं एकही गाव हलवणार नाही, तू म्हणशील ते करतो.

तिनं डबा बाजूला ठेवला. "मले येवढंच सांगा, गडावरच्या मानसाईचं काय झालं? ते लेकरं मेले का वाचले? मी नाई गेली म्हनून मेले असतीन, त तसं सांगा. मी आयकून घेईन."

तिला निदान एवढं तरी खरं द्यावं, असं वाटलं.

"गडावर मी माणसं घातलीच नव्हती," मी म्हणालो. "एकही नाही. तू विचारलंस तेव्हा तोंडाला आलं ते बोललो."

तिनं डब्याचं झाकण लावलं.

"मंग मी आठ दिवस कोनासाठी रडली?"

आतून वकीलसाहेबांनी हाक मारली आणि ती तशीच उठून गेली.