काठाकडून आत

पुण्याला लेकीकडे कायमचं राहायला जायचं ठरलं तेव्हा काकूंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली.

"एक मंडला काढून दे मला. पण फोनवर बघून नको. तुझा तू काढ."

काकू आमच्या घरमालकीण. नवऱ्याच्या जेसीबीच्या कामामुळं आम्ही रत्नागिरीत आलो आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहिलो. माझं माहेर जतकडं. इथं ओळखीचं कुणी नाही, बोलले की लोक हसून बघायचे. मी दवाखान्यात पडून होते तेव्हा डबा काकूंनी आणला. घरी आल्यावर छातीत सारखी धडधड व्हायची, माझे हात स्वस्थ राहीनात. घासलेली भांडी परत घासायची, घडी घातलेलं परत मोडायचं. शेवटी त्यांनी लेकीचे जुने रंग आणि जाड कागद माझ्या पुढ्यात आणून ठेवले.

"बस गो एका जागी. गोल काढ, रंगव. भांडी झिजवलीस तर जेवू कशात?"

तिथून हा नाद लागला. मध्यावर कर्कटकाचं टोक रोवायचं, गोलाबाहेर गोल, पाकळीबाहेर पाकळी. नमुना फोनवर असायचाच. पेन चालतंय तोवर छातीतली धडधड जरा लांब बसायची. पण "तुझा तू" म्हटल्यावर तीच धडधड कागदावर येऊन बसली. ज्या बाईनं मला इतकं दिलं तिला द्यायला माझ्याकडे स्वतःचा एक गोलसुद्धा नव्हता.

आधी परसात शोधलं. अडकित्त्यानं कापलेल्या सुपारीत तपकिरी-पांढऱ्या रेघा असतात, त्या मध्यातून बाहेर धावतात. फणस आडवा चिरला की दांड्याभोवती गरे दाटीनं बसलेले दिसतात. दोन्ही काढले, रंगवले, काकूंना दाखवले.

"छान आहेत. पण हे आमच्या आगरातलं झालं. तुझं काय ते काढ."

"माझं काय असणार, काकू?"

"ते मी सांगू?"

रविवारी त्यांना न्यायला गाडी येणार होती. मी भात टाकायची, कागदापाशी यायची, उठून शिट्ट्या ऐकायची, परत यायची. असंच दारात उभी असताना दोरीवर काकूंच्या साड्या दिसल्या: एक लिंबाच्या सालीसारखी, एक मोरपंखी, एक कॉफी रंगाची. आणि एकदम आईची वाकळ आठवली. आमच्याकडं जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात, इथली गोधडीच ती. आई काठाकडून सुरू करायची आणि धावदोरा घालत गोल गोल आत यायची. रंग निवडायचे नसतात, घरात जे फाटलं ते.

मी कर्कटक ठेवून दिलं. काठापासून आत निघाले, सगळं हातानं. बाहेरच्या फेऱ्यांत काकूंच्या साड्या भरल्या, टाक्यांसारख्या बारीक तुटक रेघा मारल्या. मध्याशी आल्यावर अडले. आईला फोन लावला.

"वाकळंत मधी काय घालतीस गं?"

"का? काय कराय लागलीयास?"

"कागदावर काढतीया वाकळ."

"कागदाची? मग थंडी कुणाला वाजतीया, भिंतीला?" ती हसली, मग म्हणाली, "घेणारणीचं कापड काठाला. मधी देणारणीचं. म्हंजी पांघरलं की तिच्या पोटावर तू येतीस."

फोन ठेवून मी कपाट उघडलं. माझा रंग बघायला. हिरवी साडी काकूंनी दिवाळीला दिलेली. दोन्ही गाऊन त्यांच्या लेकीचे. लाल ओढणी त्यांनीच दवाखान्यात थंडी वाजते म्हणून आणलेली. कपाटात एक कपडा असा नव्हता की जो मध्यात ठेवावा आणि तो काकूंचा नसावा. मला रडू यायला हवं होतं, पण मी कपाट लावलं, परत उघडलं, परत लावलं. आणि पुन्हा फोन केला.

"आता काय?"

"आये, माझं असं कुठलं कापड होतं गं?"

"शाळंचा निळा स्कर्ट हुता की. तू शाळा सोडलीस, मग मी वाकळंत घातला."

तो स्कर्ट मला डोळ्यांपुढं दिसला. वरून विटका, चुणीच्या आत गडद. मधल्या सुट्टीत आम्ही पोरी गरगर फिरायचो आणि फटकन खाली बसायचो. स्कर्टाचा गोल भोवती पसरायचा. जिचा गोल मोठा ती जिंकली. मी बऱ्याचदा जिंकायची.

चुण्या काढायला घेतल्या तेव्हा घोटाळा कळला. कापड चुकलं तर आई ओढून जुळवून घेते. कागद ओढता येत नाही. आत येता येता माझा मध्य एका बाजूला सरकला होता आणि अंड्यासारखा झाला होता. एका अंगाच्या चुण्या ऐसपैस, दुसऱ्या अंगाच्या चेपलेल्या. वेळ उरला नव्हता. गडद निळा, फिका निळा, असं भरत गेले आणि रविवारी सकाळी ओला कागद आणि ब्रश तसेच घेऊन काकूंपुढं उभी राहिले.

त्यांनी चष्मा लावला. "मध्य सरकलाय गो."

"दुसरा काढते. कुरिअरनं पाठवते."

"आणि हा निळा कुठला?"

"माझा शाळेचा स्कर्ट. सातवीपर्यंत घातला."

त्या चुण्यांवरून बोट फिरवत गेल्या, चेपलेल्या अंगाला जरा थांबल्या. "एवढ्या चुण्यांना रोज इस्त्री कोण करायचं?"

"इस्त्री कुठली. गादीखाली घालून वर झोपायचं."

"हलायचं नाही मग."

"मी हलायची. म्हणून अशा पडायच्या."

काकू हसल्या. मला वाटलं, एवढी एक चुणी तरी सरळ करावी. ब्रश घेऊन वाकले तर त्यांनी कागद उचलून छातीशी धरला.

"ब्रश ठेव खाली. आता हा माझा आहे."

मी ठेवला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. इथल्या हवेत रंग लवकर सुकत नाही. काकूंच्या बोटाला आणि पदराला निळं लागलं होतं, त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी ते तसंच राहू दिलं आणि त्यांची पिशवी उचलली.