चीटिंगआबांचा शंभर टक्के बोनस

सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत आबांना पत्त्यांत हरवलेला माणूस नव्हता आणि आबांनी सरळ डाव खेळलेला कुणी पाहिला नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. गुडघ्याखाली पान सरकवणं, समोरच्याच्या चष्म्यात त्याचे पत्ते वाचणं, हात वाईट आला की नेमका ठसका लागणं आणि पाणी येईपर्यंत गड्डीची उलथापालथ करणं, हे त्यांचे रोजचे उद्योग. पकडले गेले तर ओशाळायचे नाहीत. "तुला दिसलं म्हंजी तू शिकलास. माझी फी काढ," म्हणायचे. पोरांनी त्यांचं नाव चीटिंगआबा ठेवलं होतं आणि लग्नाच्या पत्रिकेवर छापायलाही त्यांची हरकत नसती. हरल्याचं मात्र त्यांनी कधी कबूल केलं नाही. फारच अडचण आली तर डाव मोडायचे आणि आजींनी हाक मारली म्हणून उठून जायचे. आजी त्या वेळी बऱ्याचदा गावी असत.

आबा मूळचे साताऱ्याकडचे. उभी हयात तुर्भ्याच्या घाऊक बाजारात कांद्याच्या दलालीत गेली. पूर्वी तिथे भाव तोंडाने बोलत नसत. दोघं जण रुमालाखाली हात घालत आणि एकमेकांची बोटं दाबून सौदा करत. रुमालाखालच्या बोटांवरून माणूस कळतो, तोंडावरून कळत नाही, असं आबा सांगायचे. लबाडीचा त्यांना राग नव्हताच. उलट गवयाने दुसऱ्याची तान ऐकावी तशी ते दुसऱ्याची लबाडी ऐकत, आणि चांगली असेल तर मान डोलावत. एकदा गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसाने चांगला पाइप खराब आहे म्हणून बदलायला काढला, तेव्हा आबांनी त्याला पकडला, चहा पाजला आणि पुढच्या वेळी दाखवायला एक फुटका पाइप आधीच खिशात कसा लपवून आणायचा ते शिकवून पाठवला. आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

कुणी काही फुकट द्यायला आलं की आबांचा एक ठरलेला प्रश्न असे. जिमवाला पहिला महिना फुकट म्हणाला, केबलवाला सहा चॅनेल जास्त देतो म्हणाला, कुणी हॉटेलात जेवायला बोलावून सहलीची मेंबरशिप पुढे केली, तरी किती मिळणार हे आबा विचारत नसत. "बाहेर कसं पडायचं ते सांग," म्हणत. समोरचा आत येण्याचे फायदे पुन्हा सांगायला लागायचा. आबा शांतपणे ऐकून घेत आणि पुन्हा तेच विचारत. "आत घेताना समदेच हसत्यात गं. सोडताना तोंड बघायचं," असं त्यांनी मला समजावलं होतं.

अटींबद्दल त्यांची काही तक्रार नसे. अट कडक असू शकते, असं ते मानत. कडक अट वेगळी आणि वाकडी अट वेगळी. आधी सांगितलेली, मोठ्या अक्षरातली आणि माणसाच्याने पुरी होईल अशी अट त्यांच्या लेखी सरळ, मग ती कितीही कडक का असेना. पुरी होणार नाही हे माहीत असूनच घातलेली, किंवा खेळ सुरू झाल्यावर बदलता येणारी, ती वाकडी. पत्त्यांतली त्यांची स्वतःची लबाडी यातल्या कुठल्या प्रकारात बसते, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, ती करमणूक.

आम्ही त्यांच्या समोरच्या दारात भाड्याने राहत होतो. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ सागर. सागर तुर्भ्याच्या एका कंपनीत डिस्पॅचला होता, आणि आम्ही तिघांनी मिळून करंजाड्याच्या एका वन बीएचकेच्या बुकिंगपुरते पैसे साठवले होते. ते सागरच्या खात्यात होते, कारण बिल्डरकडे जाणारा तोच. गणपती झाले की बुकिंग करायचं ठरलं होतं. आईने त्या घरात तुळस कुठे ठेवायची, इथवर ठरवून टाकलं होतं.

त्या गणपतीत सागरने एक कॅसिनोचं ॲप शोधून काढलं. आता असली ॲप बंद झाली म्हणतात. तेव्हा ती सर्रास होती. जेवढे टाकाल तेवढेच बोनस म्हणून वर मिळतील, शंभर टक्के, आणि ऑफर सोमवारपर्यंत. सागर जुगारी मुळीच नव्हता, आणि घोळ तिथेच होता. त्याला खेळायचंच नव्हतं. पैसे टाकायचे, दुप्पट झाले की काढून घ्यायचे आणि वन बीएचकेऐवजी टू बीएचके बुक करायचा, एवढा त्याचा साधा सरळ हिशोब. मी जीव तोडून नको म्हटलं. तो म्हणाला, "ताई, टेन्शन नको घेऊ. शंभर टक्के लिहिलंय. एवढी मोठी कंपनी खोटं कशाला लिहील?" आईला सांगायचं तर तिचं ब्लड प्रेशर आड येत होतं. शेवटी शनिवारी दुपारी तो कामावर असताना मी त्या ॲपच्या अटी माझ्या मोबाइलवर उघडल्या आणि आबांकडे गेले.

आबांनी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि वाच म्हणाले. मी वाचू लागले. टाकलेले आणि बोनसचे मिळून जे होतील त्याच्या तीसपट खेळल्याशिवाय काही काढता येणार नाही. "कडक हाय," आबा म्हणाले, "पर सांगितलंय. फुडं?" पुढे, हे सगळं सात दिवसांत. आबांनी मान डोलावली. मग मी पुढची अट वाचायच्या आत तेच म्हणाले की पत्त्यांच्या खेळात लावलेल्या रुपयातले दहाच पैसे मोजणार असतील. तसंच होतं. त्यानंतरचीही त्यांनी आधीच सांगितली: एका वेळी ठरावीक रकमेच्या वर लावले की सगळं बाद. मी थक्क झाले. पुढे, बोनस घेतल्यावर स्वतःचे टाकलेले पैसेही तीसपट खेळून होईपर्यंत निघणार नाहीत, इथे आले तेव्हा आबा काहीच बोलले नाहीत. शेवटची ओळ होती, कंपनी या अटी केव्हाही बदलू शकते. आबांनी डोळे उघडले आणि म्हणाले की आता सागरला काही सांगू नकोस, सांगून कळण्यातलं हे नाही. उद्या हाउजी आहे ना, मग बघू.

गणपतीतल्या रविवारी दुपारची हाउजी हा आबांचा मान होता. सोसायटीच्या हॉलमध्ये ते पोत्यातून कांदे काढावेत तसे डब्यातून आकडे काढत आणि प्रत्येक आकड्याला काहीतरी चावट बोलत. त्या वर्षी त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं की एका तिकिटावर एक तिकीट फुकट, शंभर टक्के बोनस. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. झाडून सगळ्यांनी दोन-दोन तिकिटं घेतली. सागरने तर सगळ्यांत आधी.

आणि पहिली ओळ सागरचीच लागली, तीही त्याच्या विकतच्या तिकिटावर. तो उड्या मारत बक्षिसाचं पाकीट घ्यायला गेला. आबांनी त्याची पाठ थोपटली, अभिनंदन केलं आणि पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवून दिलं. म्हणाले, मिळणार की, फक्त आणखी तीस तिकिटं खेळ. सागर हसला. त्याला वाटलं, नेहमीची थट्टा. मग तीस तिकिटं एकदम द्या म्हणाला. आबा म्हणाले, एका डावाला एकच, दोन घेतलीस की सगळं बाद. आणि संध्याकाळच्या आरतीच्या आत. आरतीपर्यंत फार तर चार डाव व्हायचे होते. त्यातले दोन लहान मुलांचे, ते मोजायचे नाहीत.

हॉलमध्ये गलका सुरू झाला. सेक्रेटरी उठून म्हणाले की हे असं कुठे लिहिलंय. आबांनी त्यांना तिकीट उलटं करायला लावलं. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत सगळं छापलेलं होतं. आबांनी सकाळी झेरॉक्सवाल्याकडे बसून ते करून घेतलं होतं. सागरचा चेहरा लाल झाला. तुमचं फुकटचं तिकीट परत घ्या आणि मी विकत घेतलेल्या तिकिटाचं बक्षीस द्या, असं तो म्हणाला. आबांनी फार वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि दोन्ही तिकिटं एकात एक मिसळलीत, आता वेगळी होत नाहीत, असं सांगितलं. मग तिकिटाची शेवटची ओळ मोठ्याने वाचली, संयोजकांना नियम केव्हाही बदलता येतील, आणि तिसाची पस्तीस करून टाकली.

सागर त्या दिवशी जो भांडला, तसा मी त्याला कधी भांडताना पाहिला नव्हता. ही सरळ सरळ फसवणूक आहे, पुरीच होणार नाही अशी अट घालणं म्हणजे अटच नव्हे, स्वतःचे पैसे अडकवून ठेवायचा कुणाला हक्क नाही, असं तो मुद्देसूद बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा पोटभर ऐकून घेत होते आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर गुरूचं समाधान दिसत होतं. शेवटी त्यांनी सगळ्यांची बक्षिसं चुकती केली, वर पेढे वाटले आणि थट्टा होती म्हणून माफी मागितली. सागर पेढा न घेता निघून गेला.

पण राग त्याला स्वस्थ बसू देईना. आरती झाल्यावर तो आबांच्या दारात उभा राहिला, आणि भांडण वाढेल म्हणून मी त्याच्या मागे. आजी आत चहा टाकत होत्या. सागर म्हणाला की तुम्ही हे मला शिकवायला केलंत ते कळलं, ताईने तुम्हाला सांगितलं तेही कळलं, पण ती मोठी कंपनी आहे, सोसायटीची हाउजी नाही, आणि मी उद्या पैसे टाकणार.

आबांनी उशीखालून स्वतःचा मोबाइल काढला, बोट लावून काहीतरी उघडलं आणि सागरच्या हातात दिला. तेच ॲप. वर आबांचं नाव, आणि खाली हिरव्या आकड्यांत भलीमोठी रक्कम.

"दिसत्यात न्हवं? माझंच हायेत," आबा म्हणाले. "काढून दाखव."

सागरने काढायचं बटण दाबलं. लाल अक्षरांत काहीतरी आलं. त्याने पुन्हा दाबलं. मग इथून, तिथून, मदतीच्या पानावरून. बराच वेळ तो उभ्या उभ्या खटपट करत राहिला आणि दर वेळी बोनसची अट पुरी करा, एवढंच उत्तर येत होतं. काल अटी वाचायच्या आधीच आबांना पाठ कशा होत्या, ते मला तेव्हा कळलं. जन्मभर दुसऱ्याची लबाडी ओळखणाऱ्या आबांना वाटलं होतं की या यंत्रालाही आपण गुंडाळू. बाहेर कसं पडायचं, हे विचारायला ते जन्मात याच एका वेळी चुकले होते.

आबा म्हणाले, "हाउजीत मी फसवलं तर तू माझ्या दारात भांडाय आलास. मी कुणाच्या दारात जाऊ, सांग."

सागर खाली बसला. त्याने मोबाइल हळूच आबांच्या मांडीवर ठेवला. चहा आला, तो आम्ही प्यायलो. आबांचा चेहरा इतका उघडा मी आधी कधी पाहिला नव्हता, आणि मला तो बघवत नव्हता. निघताना त्यांनी सागरचा हात धरला आणि म्हणाले, "ही गोष्ट खाली कुणाला सांगायची न्हाय. आबा हरला म्हटल्यावर मला पत्त्यात कोन घेनार न्हाय." सागरने गळ्याची शपथ घेतली. माझ्याकडून त्यांनी काहीच कबूल करून घेतलं नाही. अटीतली ही पळवाट त्यांच्या नजरेतून सुटली असेल, असं मला वाटत नाही, म्हणून तर मी हे लिहू धजते आहे.

सोमवारी ऑफर संपली. त्या आठवड्यातच आम्ही वन बीएचके बुक केला. घर लहान आहे, तुळस खिडकीच्या ग्रिलमध्ये आहे आणि आई तिच्यावर खूश आहे. वास्तुशांतीला आबा करंजाड्याला आले, सगळ्या खोल्या पाहिल्या, म्हणजे दोनच, आणि जेवणानंतर बिल्डरच्या माणसाला पत्त्यांत लुटलं.

गेल्या वर्षी आबा गेले. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. आम्ही तिघंही गेलो. लोक एकेक करून उठत होते आणि रडायच्या जागी हसत होते, कारण प्रत्येकाकडे आबांनी फसवल्याचीच आठवण होती. सेक्रेटरी म्हणाले, हाउजीत आबांशी सगळ्यांत जास्त भांडला तो सागर, त्याने बोलावं.

सागर उठला. लबाडीवर चिडणारा, कुणी एक पान लपवलं तरी डाव थांबवणारा माझा भाऊ. मग भरल्या हॉलसमोर, नजर न चुकवता, तो म्हणाला, "आबांना कधी कुणी हरवू शकलं नाही. मी साक्षीला आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आजींनी शेजारी येऊन बसलेल्या सागरचा हात हातात घेतला आणि सभा संपेपर्यंत सोडला नाही. मला आबांची इतकी आठवण त्याआधी कधी आली नव्हती. इतकं सफाईदार खोटं ऐकायला ते तिथे असायला हवे होते.