अकरा पोरं आणि बारावी फुंकर

पाळणाघरातल्या मावशीला सगळे 'हातमावशी' म्हणत. का, ते सांगतो. दुपारी पोरं निजली, पडदे ओढले, की ही बाई गुडघ्यांवर रांगत खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला जायची आणि एकेकाच्या नाकाशी तळहात धरायची. कोमट फुंकर लागली की एक, पुढची लागली की दोन. दर पंधरा मिनिटांनी. पोर पालथं दिसलं की हलकेच उताणं करायची, पांघरूण तोंडावर आलं की खाली ओढायची. जमिनीवर साधं बटण सापडलं तरी ते कुणाच्या तोंडात जायच्या आत हिच्या खिशात गेलेलं असायचं.

बरं, हे वेड उगाच लागलं नव्हतं. एकवीस वर्षांपूर्वी भिंतीकडच्या कोपऱ्यात चार महिन्यांचं एक बाळ सारखं किरकिरत होतं. पालथं घातलं की लवकर निजेल म्हणून हिनेच ते पालथं घातलं, थोपटलं, वर मऊ दुलई पसरली आणि दुधाच्या बाटल्या उकळायला गेली. परत आली तेव्हा बाळ गार पडलं होतं. तुझा दोष नाही, असं डॉक्टरांनी समजावलं, खुद्द बाळाच्या आईनेही समजावलं. हिने मान डोलावली, पण मनाने काही ऐकून घेतलं नाही.

तो कोपरा तेव्हापासून रिकामाच. पण मोजत मोजत मावशी तिथवर पोचली की तिच्या तळहाताला एक फुंकर लागायची. बारीक, दुधाच्या वासाची. पहिल्यांदा ती दचकून भिंतीवर आपटली होती. पुढे सवय झाली, आणि ती फुंकर न मोजता उठायची काही मावशीची छाती झाली नाही. त्यामुळे पटावर पोरं अकरा असली की मावशीच्या मोजणीत बारा.

"मावशी, रोज एक पोर घरून डब्यात घालून आणता की काय?" हाताखालची भिंगरी खिदळायची. पायाला चाकं लावल्यासारखी फिरायची म्हणून तिचं नाव भिंगरी.

पाळणाघर चालवायला आलेल्या नव्या बाईंना मात्र हसू येत नसे. "मावशी, आता हद्द झाली. आकडा पटाशी जुळायलाच हवा. पुन्हा बारा म्हणालात तर उद्यापासून भांड्यांवर."

मावशीला एकच चिंता. ती भांड्यांवर गेली, तर नाकाशी हात कोण धरणार?

त्याच दुपारी ती पुन्हा रांगली. एक, दोन करत कोपऱ्यात पोचली. फुंकर लागली, रोजच्यासारखीच.

"किती?" दारातून बाईंनी विचारलं.

"अकरा."

"जमलं की नाही! अकराला अकरा."

बाई खूश होऊन वळल्या. मावशीने मात्र मनात पुन्हा बेरीज केली. कोपऱ्यातली धरून अकरा! म्हणजे पोरं दहाच.

तिने सर्रकन पडदा बाजूला सारला. मधल्या एका गादीवर नुसतं गोळा झालेलं पांघरूण. मावशी धावत सुटली, साठीची बाई, पण वाऱ्यासारखी. न्हाणीचं दार अर्धवट उघडं. भिंगरी फरशी पुसून बादली तशीच भरलेली ठेवून गेली होती, आणि त्या बादलीवर सव्वा वर्षाचं पोर ओणवं झालेलं, पाय जमिनीवरून सुटलेले, नाक पाण्याला टेकायला आलेलं. मावशीने चड्डीला धरून त्याला मागे ओढलं.

पोराने असं भोकाड पसरलं की सगळं पाळणाघर जागं झालं.

"मी दोन मिनिटांसाठीच..." भिंगरी रडायला लागली.

"रडू नकोस. बादली आधी ओत. रिकामी करून उपडी घाल," मावशी पोराला छातीशी धरून म्हणाली. "माझ्याही बाटल्या दोन मिनिटांच्याच होत्या गं."

दुसऱ्या दिवशी पोरं निजली. मावशी कोपऱ्यात जरा जास्तच थांबून उठली. बाई दारातच उभ्या होत्या. काल खोलीत दहाच पोरं असताना आकडा अकरा कसा आला, याचा हिशेब त्या रात्रभर मांडत होत्या.

"मावशी, किती?"

मावशी घुटमळली. मग म्हणाली, "बारा."

बाईंनी एकदा त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बरोबर आहे."